अंगणातलं ऊन

थंडीच्या दिवसांत सकाळी आमच्या इमारतीच्या आवारात बर्वेकाका ऊन खात बसतात. ते राहतात मागच्या बंगल्यात. इथे स्वस्त घरांची ही उंच इमारत होणार म्हटल्यावर सगळ्या कॉलनीने विरोध केला होता. कुणाला पाण्याची काळजी होती, कुणाला गर्दीची, कुणाला आमच्यासारख्या माणसांची. काका सभेत एवढंच म्हणाले होते, "माझ्या अंगणातलं ऊन जाईल."

ते खरंच गेलं. जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलल्यावर मिळालेलं माझं पहिलं घर त्यांच्या उन्हाच्या वाटेत उभं आहे, हे मला खिडकीतून रोज दिसायचं.

एका सकाळी काका स्वेटर घालून रस्त्यावर ऊन शोधत उभे होते. मी खाली गेले.

"काका, आमच्या आवारात ऊन आहे. या ना."

ते म्हणाले, "मी तुमच्या विरोधात सही केली होती."

"माहीत आहे. पण ऊन तुमचंच आहे."

मी खुर्ची आणली आणि ते आले. त्या येण्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

आज तिसऱ्या मजल्यावरची शबाना तान्ह्या बाळाला घेऊन खाली आली, तेव्हा काका खुर्चीवरून उठले आणि सावलीत जाऊन उभे राहिले.

"बस गं," ते म्हणाले, "बाळाला कोवळं ऊन हवं. माझं काय, मी रोजचाच आहे इथला."