टेपवर आलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी वेळही नाही. दोन म्हशी, ऊस आणि सासूबाईंचे गुडघे, यातच दिवस मावळतो. तरी लिहितेय, कारण कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय...

आमची वस्ती पुणतांब्याजवळ. अंगण, त्याला लागून गोठा, आणि गोठ्यामागे लगेच ऊस. दोन वर्षांपूर्वी माझे मालक किरकोळ भांडणावरून घर सोडून गेले. फोन सोबत नेला, पण तेव्हापासून तो बंदच. पोलिसात कळवलं, पाहुणेरावळे पालथे घातले... शेवटी मी थकले. ट्रॅक्टर विकायचा आणि वाट बघणं बंद करायचं, असं ठरवलं.

ट्रॅक्टर म्हणजे त्यांचा जीव. त्यावर ब्लूटूथचा टेप बसवला तेव्हा मला कौतुकानं सांगत होते, "वायर नको, काय नको. टेपनं फोनला एकदा वळखलं की झालं. पन जवळ पायजे. गोठ्याच्या पलीकडं लांब गेलं की तुटतं बघ."

मी म्हटलं, "मग तुमच्यापेक्षा बराय. तुम्ही गोठ्यात असूनही ऐकत नाही."

एका दुपारी गिऱ्हाईक आलं, एक वयस्कर अण्णा. त्यांनी अंगणातल्या ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. टेप लागला आणि त्यातली बाई म्हणाली, "कनेक्टेड". टेपच्या पडद्यावर नाव आलं — सर्जा. आमच्या जुन्या बैलाचं नाव, मालकांनी हौसेनं स्वतःच्या फोनला दिलेलं. मग गाणं सुरू झालं, मधूनच, अर्ध्यावर थांबवलेलं असावं तसं.

"अण्णा, तुमचा फोन लागला का?"

त्यांनी खिशातला साधा बटणांचा फोन काढून दाखवला. माझा फोन त्या टेपला कधी जोडलेलाच नव्हता.

मी गोठ्यात पाहिलं, कडब्यामागे पाहिलं. कुणी नाही. सासूबाई मात्र शोधत बसल्या नाहीत. काठी टेकत सरळ उसाच्या कडेला गेल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "भाकर खाऊन जा रं. कुनी काय बोलनार न्हाई तुला."

गाणं थांबलं. टेपमधली बाई म्हणाली, "डिसकनेक्टेड".

उसाला सकाळीच पाणी दिलं होतं. मी आत शिरून बघितलं. चिखलात माझ्याखेरीज कुणाचंच पाऊल नव्हतं. अण्णा "परत येतो" म्हणून गेले ते गेलेच.

पुढे राहात्याच्या मोबाईलवाल्याला टेप दाखवला. तो म्हणाला, "ताई, नाव सारखं आसलं तरी दुसरा फोन आसा आपोआप जोडत न्हाई. त्योच फोन पायजे, आन जवळच पायजे." मग बटणावर बोट ठेवून विचारलं, "पुसून टाकू का ह्ये नाव? म्हंजे परत न्हाई यायचं."

माणूस लांब गेलाय म्हणून निदान रागावता तरी येत होतं. आता तेही जमत नाही, आणि याचाच मला फार शीण आलाय...

"राहू द्या," मी म्हटलं.

नंतर ऊस तुटून गेला. रान मोकळं झालं, आडोसा म्हणून उरला नाही, सापडलं काहीच नाही. सासूबाई रोज दुपारी बांधावर भाकर ठेवतात. ती कुत्रं खातं, हे त्यांनाही माहीत आहे. काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी आता कुणाला विचारतही नाही. ट्रॅक्टर विकलेला नाही. फक्त संध्याकाळी लावताना तो अंगणात लावत नाही, गोठ्याच्या मागे नेऊन लावते, रानाच्या अगदी कडेला.