चांगलं जर्नल आहे, पाठव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. आता घरात ऐकायलाच कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — असंच असेल बहुधा.

मी भिवंडीतल्या एका बी.एड. कॉलेजात संशोधन पद्धती शिकवायचो. शोधनिबंध पाठवण्याआधी खरं जर्नल कसं ओळखायचं, हे दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. संपादक मंडळातल्या माणसांना विचारून बघा. निबंध कोण तपासतं ते बघा. लगेच होकार आला तर सावध व्हा. माझे स्वतःचे दोन निबंध ज्या जर्नलात आले, तिथला होकार मात्र दुसऱ्याच दिवशी आला होता — एकही प्रश्न न विचारता. बढतीसाठी निबंध हवे होते. ते जर्नल बोगस आहे हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, पडघ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका. पहिलीतली पोरं घरची बोली बोलली की वर्ग हसतो, आणि मग ती बोलणंच सोडतात — यावर तिने दोन वर्षं नोंदी ठेवल्या. शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन आयांशी बोलली. माझ्या हातून असं काम कधी झालं नाही. तिचा निबंध वाचताना मला तिचं कौतुक वाटलं, आणि हेवाही. हेवा जरा जास्तच.

माझे निबंध तिथे आलेत म्हणून तिने तेच जर्नल निवडलं. पण मी शिकवलेलंही ती विसरली नव्हती. मंडळातल्या एका प्राध्यापकांना तिने मेल केला, आणि आलेलं उत्तर मोबाइलवर दाखवायला थेट स्टाफरूममध्ये आली.

"सर, हे म्हणतात माझा काही संबंधच न्हाय. मग यांचं नाव कसं काय?"

खरं सांगितलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग सर, तुमचे निबंध? मी चष्मा काढून पुसत बसलो. मग म्हणालो, मोठी माणसं आहेत, दहा ठिकाणी नावं असतात, विसरतात. चांगलं जर्नल आहे, पाठव.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," ती म्हणाली. तिने पाठवला.

पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत तिला सगळ्यांसमोर विचारलं, असल्या जर्नलात कसं काय छापलंत? प्रवेश मिळाला नाही. एकदा छापलेला निबंध दुसरीकडे कुणी घेईना. तिने पुन्हा अर्ज केलाच नाही. फोनवर म्हणाली, माझंच चुकलं सर, शंका आली होती तरी नीट बघितलं नाही. मी काय म्हणालो असेन? असू दे, म्हणालो.

गेल्या महिन्यात तिने शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेला माझ्याकडे धाडलं — सर नीट बघून सांगतील म्हणून. त्या बाईंनी आणलेलं जर्नलही तसलंच होतं. मी पाच मिनिटांत सांगून टाकलं, इथे पाठवू नका. त्या आभार मानून गेल्या.

मी आता निवृत्त आहे. खरं बोलून माझं काही जाणार नव्हतं. वैशालीने विचारलं तेव्हा जाण्यासारखं होतं, म्हणून मी तिचं जाऊ दिलं.