दुपारी तीनला लावलेला जपानी पिक्चर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यातच होतं. मी संगमनेरात केबल चालवायचो. भुतं दुपारी तीनला मीच लावायचो, आणि संपली की रिवाइंड करून कपाटात ठेवायचो... अशा माणसाला कसली भीती?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. नाशिक-पुणे रस्त्यापासून जरा आत, एका किराणा दुकानाच्या माडीवर माझी कंट्रोल रूम होती — म्हणजे दोन व्हीसीआर, एक टीव्ही, एक फोन आणि मी. आई गेल्यापासून राहायचोही तिथंच. टीव्हीच्या पडद्यावर खालच्या बाजूला आमचा फोन नंबर सरकत असायचा. फर्माईश सांगायला जे फोन यायचे, दिवसभरात माझ्याशी बोलणारे तेवढेच.

साखर कारखान्यातले एक इंजिनिअर ट्रेनिंगला जपानला जाऊन आले होते. त्यांनी तिकडची एक कॅसेट आणून दिली. म्हणाले, "हॉरर आहे, पण आपल्यासारखा नाही. किंचाळणं नाही, मांत्रिक नाही. तिकडे माणसं भिंतीला भिंत लावून राहतात आणि शेजारच्याचं नाव माहीत नसतं. सगळी भीती त्याचीच आहे."

"साहेब, मग आपल्याकडे नाही चालायचा," मी म्हणालो. "इथं शेजारी काय भाजी केली तेसुद्धा कळतं."

लावायचा विचार नव्हताच. पण एके दिवशी ठरलेल्या पिक्चरची टेप व्हीसीआरमध्ये गुंतली, तीन वाजले होते आणि हाताशी तीच कॅसेट होती. दिली टाकून. टेप तिकडच्या पद्धतीची, म्हणून आपल्या मशीनवर चित्र काळंपांढरं आलं, थोडं हलत होतं. भाषा कळत नव्हती, गोष्ट कळत होती. उंच बिल्डिंग, एका खोलीत एकटी म्हातारी. ती मरते, कोणाला पत्ताच नाही. मग ती एकेका शेजाऱ्याचं दार वाजवत फिरते. सूड वगैरे काही नाही. वाजवते, कोणी उघडत नाही, मग पुढच्या दाराशी जाते... बघता बघता मला फार एकटं वाटायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. वाटलं, आता शिव्या खायच्या.

"बाळा, ती बाई दार वाजवतीये ना..." एका म्हातारीचा दमलेला आवाज. "माझंच दार वाजतंय रे. उघडू का?"

"उघडा की आजी. चहा पाजा तिला."

"मला उठता येत नाही."

मी हसलो. हसतच फोन ठेवला.

दोन मिनिटांनी हसू गेलं. आवाज साळवेबाईंसारखा वाटत होता. चौथीत त्या आमच्या वर्गावर होत्या. आता रिटायर झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा पुण्याला. पिक्चर तसाच चालू ठेवून मी लुनावरून त्यांच्या घरी गेलो.

दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारच्या दोघांना बोलावून दार तोडलं. बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ सुकलेले. हातात स्टीलची वाटी होती, फरशीवर आपटून आपटून वाकडी झालेली. श्वास चालू होता.

शेजारीण दारातच खाली बसली. "कालपासनं ठोकल्याचा आवाज येत हुता वो. आमाला वाटलं, बाई शेंगदान्याची चटनी कुटत्यात."

तिला मी काय बोलणार? आदल्या दिवशी तिच्याच गच्चीवर वायर जोडताना तो आवाज मीही ऐकला होता. मलाही चटणीच वाटली होती. भूक लागली म्हणून मी काम आटपून खाली उतरलो होतो. एकटी बाई इतका वेळ कोणासाठी चटणी कुटेल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

बाई वाचल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "प्रकाश, तुला कसं रे कळलं?"

"तुम्हीच फोन केलात ना बाई."

"माझ्याकडे कुठला फोन?"

खरंच नव्हता. टीव्हीसुद्धा नव्हता. मुलगा तो पुण्याला घेऊन गेला, तेव्हा त्यांच्याकडची केबलची वायर मीच काढली होती; त्या दुपारी घाईत ते आठवलंच नाही.

इंजिनिअर साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "योगायोग रे. फोन दुसऱ्याच कोणाचा असेल, तुला बाईंचा वाटला."

जिवंत बाई पडल्या जागेवरून फोन नसताना फोन करते, हे मला आजही पटत नाही. पण साहेबांचं म्हणणं मान्य करायची हिंमतही होत नाही. कारण ते खरं असेल, तर त्या दुपारी गावात आणखी एक आजी टीव्हीसमोर पडलेली होती. मदतीला बोलवावं असं कोणी तिला आठवलं नाही, समोर दिसत होता तो माझा नंबर तिने फिरवला... आणि मी तिला चहा करायला सांगितलं.

पुढचा आठवडाभर वायर तपासायच्या निमित्तानं मी घरोघर फिरलो. सगळी म्हातारी माणसं बघून आलो. फक्त एका घराला कुलूप होतं. तिथल्या आजी कुठं गेल्या म्हणून शेजारी विचारलं.

"गेल्या असतील लेकीकडं."

"लेक कुठं असते त्यांची?"

"त्ये काय माहीत न्हाई बा."

कुलूप बाहेरून आहे म्हणजे आत कोणी नसणार, एवढं स्वतःला सांगून मी परत आलो; दार वाजवून मात्र बघितलं नाही.