एडक्याला घातलेली गोळी

मी रागीट, याबद्दल आमच्या घरात कुणाचं दुमत नव्हतं. लोकांच्या नाकावर राग असतो, माझा हातात असायचा. आणि असल्या माणसाला सरकारनं रिव्हॉल्व्हरचा परवाना दिला! सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. घर नव्या पेठेत, शेत मंगळवेढ्याच्या वाटेवर. वाटेत लुटालूट होते असा अर्ज केला, साहेबानं चार प्रश्न विचारले आणि शिक्का मारला.

वस्तू म्हणाल तर एवढीशी. कोटाच्या खिशात घातली तर बाहेरून चष्म्याचं घर वाटावं. आखूड नळी आणि पाच गोळ्यांचं चाक. गोळीवर आपटणारा घोडा वर दिसायचा नाही, आत लपलेला. नुसता चाप ओढायचा, पण तो असा जड की पहिल्या दिवशी बोट सुजलं. आवाजानं कानठळ्या बसायच्या आणि नेम म्हणाल तर दहा पावलांवरचा घासलेटचा डबा लागला तर लागला. तरी मला त्याचं भारी वेड. पहिल्याच आठवड्यात सांडपाण्यावरून शेजाऱ्याशी जुंपली, तेव्हा मी आत जाऊन ते आणलं आणि वर माळवदात एक गोळी घातली. शेजारी धोतर सावरत पळाला. माळवदाची शेरभर माती खाली परातीतल्या कणकेवर पडली. बायको कणकेकडे बघत म्हणाली, "आता हीच खावा. माती खायची हौसच आहे तुम्हाला!"

त्या साली पावसानं ओढ दिली आणि ज्वारीची पेरणी रखडली. रान मोकळंच होतं म्हणून मी मेंढरं बसवली. म्हणजे धनगरानं त्याचा कळप रोज आपल्या रानात मुक्कामाला आणायचा, लेंड्या-मुतानं रान खतावतं, आणि बदल्यात आपण त्याला दाणे द्यायचे. दरसाल एकच जोडपं यायचं. तो चाळिशीचा, उंच, तोंडातून शब्द सांडायचा नाही. ती खमकी, त्याच्या वाटचंही तीच बोलायची. दोनेकशे मेंढरं, दोन कुत्री आणि एक काळा एडका. त्या एडक्याचं काय सांगू! जोडप्याला मूल नव्हतं. आई मेलेलं ते कोकरू धनगरानं बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. गळ्यात घुंगरू, शिंगांना तेल, आणि झोपायला धनगराच्या घोंगडीचं टोक.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा शेजारच्या गावात लांडग्यानं एक गाढव आणि दोन कुत्री फोडली. दिवसाढवळ्या फिरत होता. खात काहीच नव्हता, नुसता चावत सुटला होता.

धनगर बायकोला घेऊन माझ्याकडे आला. "मालक, आमी उठतो. ह्यो लांडगा सरळ न्हाय."

माझं डोकं फिरलं. रान अजून निम्मंच खतावलं होतं. मी खिशातून ते काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "हे असताना लांडग्याला भितोस? दसऱ्यापर्यंत मी इथंच मुक्काम करतो. येऊ दे त्याला!"

तो बायकोकडे बघत राहिला आणि मग मान हलवून परत गेला. बिचारा माझ्या शब्दावर राहिला.

खंडेनवमीला त्यांनी कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर आणि काठी घोंगडीवर मांडली. बाई म्हणाली, "मालक, तुमचं बी ठिवा की. त्येची बी नवमी हाय." मी गोळ्या काढून ठेवलं. तिनं मनापासून पूजा केली. आधी गोडं तेल, मग देवाचा भंडारा, मूठ मूठ हळद, नळीत, चाकात, चापात. तेल-हळदीचा असला लगदा यंत्रात जाऊ नये, एवढं मला कळत होतं हो! पण दोघं माझ्या हत्यारापुढे डोकं टेकत होती आणि मी फुगून बसलो होतो. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत पुसू नये, असंही ती म्हणाली. नाही पुसलं. दिवस मावळताना तसंच उचलून गोळ्या भरल्या. त्या अंगठ्यानं दाबून बसवाव्या लागल्या.

दसऱ्याच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर तो लांडगा आला. मेंढरं अजून वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात होती. तोंडाला फेस, मागचे पाय वाकडे पडत होते, पण वेग असा की कुत्रं भुंकायच्या आत त्याचा गळा फाटला. जाळी फाडून तो आत शिरला. या मेंढीचं थोबाड, त्या मेंढीची मांडी, चावायचं आणि सोडायचं. धनगर काठी घेऊन धावला. काठी एका घावात मोडली, आणि लांडग्यानं त्याचा हात कोपराखाली पकडला.

मी पाच पावलांवर होतो. दोन्ही हातांनी धरलं, नेम धरला, चाप ओढला. हलेना. पुन्हा ओढला. चाक जागचं फिरेना, गोळ्यांच्या बुडाशी हळद थिजून बसली होती. "च्यायला, उड! उड की!" असं मी त्या लोखंडाला ओरडत होतो आणि समोर माणसाच्या हाताचं मांस लोंबत होतं.

बाईनं पुजलेली कुऱ्हाड उचलली. पहिला घाव लांडग्याच्या पाठीवर बसला. तो वळून तिच्या हाताला डसला, अंगठ्याच्या बुडाशी. तिनं दुसऱ्या हातानं कुऱ्हाड चालवली. कितीदा चालवली कुणास ठाऊक, डोकं राहिलं नाही तरी ती मारतच होती. शेवटी नवऱ्यानं तिला मागं ओढलं. मी तसाच उभा होतो, आणि मला माझीच किळस आली.

दोघांनी जखमांत भंडारा भरला आणि चिंध्या बांधल्या. पेठेत एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून मेलेला मी पाहिला होता. पाण्याचा तांब्या बघून किंचाळायचा, चौघांना आवरायचा नाही. मुंबईला पोटात चौदा सुया घेतल्या तर माणूस वाचतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, पण लगेच जायला हवं. मी दोघांना सगळं समजावून सांगितलं. पाया पडायचा तेवढा राहिलो.

तो म्हणाला, "भंडारा लावलाय की. देव बघून घेईल. मेंढरं कुनाच्या जिवावर टाकू?"

दुपारपर्यंत मी बाभळीखाली बसून घासलेट आणि लिंबाच्या काडीनं चाक, नळी, सगळं धुऊन काढलं. मग उठलो, त्याच्या छातीवर नळी धरली आणि म्हणालो, "गाडी जुंपलीय. बऱ्या बोलानं चल, नाहीतर इथंच मारतो!"

तो जराही रागावला नाही. "ते उडत न्हाय की, मालक," म्हणाला.

माझं डोकं सटकलं. एडका त्याच्या शेजारीच उभा होता. मी नळी एडक्याच्या कानामागं टेकवली आणि चाप ओढला. या वेळी उडालं. एडका पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. पाय झाडायला लागला तसं घुंगरू वाजत राहिलं. वाजायचं थांबेपर्यंत कुणी हललं नाही. धनगरानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही.

"उठ!" मी ओरडलो. "नाही उठलास तर एकेक करून सगळी पाडतो. मग काय राखशील ते बघू!"

तो उठला. शर्टाला एडक्याचं रक्त, फडक्याला स्वतःचं, तसाच गाडीत जाऊन बसला. मी बाईला म्हणालो, "तूही चढ."

"एक जण मेंढरांपाशी पायजे. हे आले की मी जाते."

"तोवर उशीर होईल गं! चढ म्हणतो ना."

"मग मेंढरं काय तुमी राखणार?" तिनं तसल्या वेळीसुद्धा हसून विचारलं.

रिव्हॉल्व्हरात चार गोळ्या होत्या. पण एडक्याचे डोळे उघडेच होते, माझा राग पार उतरला होता आणि हातात जोर राहिला नव्हता. तिला म्हटलं, बरं, जप. आणि गाडीत चढलो.

मुंबईत चौदा दिवस मी त्याच्याबरोबर राहिलो. रोज सुई टोचून घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझ्याजागी माझा गडी त्यांच्याबरोबर गेला असता, मी वाघरीपाशी बसलो असतो, आणि ती दोघं एकाच आगगाडीत बसली असती. एवढी साधी गोष्ट मला सुचली तेव्हा तिथं बारावी सुई झाली होती. मालक माणूस मेंढरं राखतो, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तार करून तिला बोलावलं. ती आली नाही. मेंढरं सोडून कशी येणार?

आम्ही परत आलो तेव्हा ती बाभळीला टेकून बसली होती. नवऱ्याला बघून उठली. त्यानं कळशीतलं पाणी तोंडावर मारायला ओंजळीत घेतलं, आणि तिचा गळा आवळला गेला. तिला कळलं. त्याला कळलं. मलाही कळलं. पुढे तीन दिवस त्यानं तिला मिठी मारून धरून ठेवलं. ती चावायची तरी सोडायचा नाही. वाऱ्याच्या झुळकेला ती किंकाळायची आणि मी बांधापलीकडे कान झाकून बसायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिथंच, माझ्या खतावलेल्या रानात, तिला पुरलं. माती लोटून झाल्यावर तो हात झटकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता एडक्याचं काढेल, शिव्या देईल, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

"मालक," तो म्हणाला, "आनखी एक मेंढरू पाडायचं हुतं की. ती बी उठली असती."