मागच्या सीटवरचा मिस्त्री

गारखेड्यातले आमचे मिस्त्री दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकालाच चालवायला लावतात आणि स्वतः डोळे मिटून मागे बसतात. दौलताबादच्या घाटात फेरी झाली की निकाल. "बुलेट म्हशीवानी, वळायचं तिला आधी सांगावं लागतं. ही शंभर सीसीवाली गरीब, न्याल तिथं येती."

तीन वर्षांपूर्वी त्याच घाटात मी बायकोसकट पडलो. तिचा पाय मोडला. मिस्त्रींनी ब्रेक नीट बसवले नव्हते, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ऐन वळणावर मी खिशातून मोबाईल काढत होतो. माझं ऐकून गल्लीतल्या चौघांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं.

परवा दुरुस्तीला दिलेली गाडी न्यायला गेलो, तेव्हा मिस्त्रींना एकदाचं खरं सांगून टाकलं. ते पाना पुसत राहिले.

"ठावं हाय, साहेब. पडलेली गाडी मीच उघडली व्हती. ब्रेक चांगले व्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"वहिनी पुन्हा तुमच्या मागं बसल्या असत्या का?"

त्यांनी किल्ली पुढं केली. "चला, घाटात."

"आधी घरी," मी म्हणालो. "तिलाही सांगायचंय."

"मग तर लईच चांगलं."

ते मागे बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.