ओळंब्यात लावलेली डोलकाठी

आमच्या घरात होडी बांधायला जागा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा आणि मला त्याचा वीट आलाय. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या मागे एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर आमचं घर. एक बेडरूम, आणि त्यात पाणी साठवायचं पिंप धरून निम्मा संसार कोंबलेला. हॉलमध्ये बायकोची कॉट, कॉटला लागून चाकांची खुर्ची, समोर टीव्ही, आणि भिंतीशी इस्त्रीचं टेबल. त्या टेबलावर मी साडेतीन फुटांची होडी बांधली. इस्त्री बंद झाली. चुरगळलेले शर्ट घालून भाजी आणायला जायचो. मला कोण बघतंय?

बायकोला अर्धांगाचा झटका आला त्याला आता वर्ष होईल. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बोलण्यातला एक शब्द तेवढा उरला, तो म्हणजे 'न्हाय'. 'नाही' नव्हे, 'न्हाय'. तिचं माहेर भाईंदरच्या पश्चिमेला, बस जिथे संपते तिथल्या मच्छीमारांच्या गावातलं. लग्न होऊन ती आमच्या गिरगावातल्या खोलीत आली तेव्हा माझ्या आईसमोर एकदा तिच्या तोंडून 'न्हाय' निघून गेलं होतं. आईने नुसतं बघितलं. त्यानंतर तेहतीस वर्षं ती आमच्यासारखंच बोलली. झटक्याने आमची सगळी भाषा पुसून टाकली आणि तिच्या बापाच्या घरचा एक शब्द ठेवला.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना समजत असेल किंवा नसेल. तुम्ही विचारत राहा." यातलं 'नसेल' तेवढं मी घरी घेऊन आलो. पेज भरवली की न्हाय, कूस बदलली की न्हाय, मालिका लावली की न्हाय. आठ-दहा दिवसांत माझे कान सरावले. कुकरची शिट्टी जशी ऐकून सोडून देतो, तसा तो शब्द मी सोडून द्यायला लागलो.

आणि मला काही वाटत नव्हतं. लोक यायचे, डोळे पुसायचे, "धीर धरा" म्हणायचे. मी मान हलवायचो. शेजारच्या गुजराती बेन खिचडी घेऊन यायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "अंकल, आप रो लो एक बार." रडू आणायचं कुठून? सकाळी उठायचो, तिचं अंग पुसायचो, चादर बदलायचो, औषधं द्यायचो. सगळं वेळच्या वेळी. आत मात्र दाढ काढल्यावर गाल जसा होतो तसं झालं होतं. हात लावला तरी आपला वाटत नाही.

होडी सुरू झाली ती या रिकामपणातून. तिच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या वडिलांचा एक काळा-पांढरा फोटो होता. ओहोटीला वाळूत टेकलेली होडी आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून उभे असलेले सासरे. ती होडी त्यांनी म्हातारपणी मोडीत काढली तेव्हा बायको दोन दिवस जेवली नव्हती, एवढं मला आठवत होतं. मी आयुष्यभर एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. फोटो बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात मापं पडायला लागली. सासऱ्यांची उंची मला ठाऊक होती. तिच्यावरून होडीची लांबी काढली, रुंदी अंदाजाने धरली, आणि तीन दिवसांत पूर्ण नकाशा तयार.

सुताराकडून सागाच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या. पट्टी वाकवायची तर आधी उकळत्या पाण्यात ठेवावी लागते. घरात तेवढं लांब भांडं नव्हतं, म्हणून मी ती अर्धी अर्धी पातेल्यात बुडवायचो. ओट्यावर चहा एका शेगडीवर आणि होडी दुसऱ्या. वाकलेली पट्टी होडीच्या सांगाड्याच्या बरगड्यांवर बसवली की कपड्यांचे चिमटे लावायचे, गोंद सुकेपर्यंत. सगळे चिमटे होडीला लागले आणि दोरीवरचे कपडे वाऱ्याने खालच्यांच्या ग्रिलवर जाऊन पडायला लागले. घासायचं काम गॅलरीत दार लावून करायचो, भुसा तिच्या नाकात जायला नको. रोज दोन पट्ट्या, जास्त नाही. बायको कॉटवरून बघायची. म्हणजे तिचे डोळे त्या दिशेला असायचे.

मधेच लेकीचं सुरू झालं. ती पुण्याला असते. तिच्या घराजवळ अशा पेशंटांसाठी एक केंद्र आहे. तिथेच राहायचं, रोज व्यायाम, बोलायला शिकवणाऱ्या बाई, सोबतीला आणखी बायका. वर्षभर तरी ठेवू म्हणाली. मी चिडलो. "तुझ्या आईला परक्या ठिकाणी टाकायचं? मी मेलोय का?"

"टाकायचं नाही बाबा. शिकवतात तिथे. तुम्ही आईला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? एक शब्द येतो तिला."

"मग तोच ऐका ना."

मी फोन ठेवला. नंतर ती दर आठवड्याला विचारायची आणि मी दर आठवड्याला होडीचं सांगायचो. आईच्या वडिलांची होडी करतोय, तिच्या डोळ्यांसमोर. हे तुमच्या केंद्रात मिळणार आहे का? खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की होडी पूर्ण झाली की पुण्याचा विषय संपेल. शेवटी लेक म्हणाली, "त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवलीय. तोपर्यंत काय ते सांगा." मी ठरवलं, महिनाअखेरीच्या आत शीड चढवायचं आणि लेकीला फोटो पाठवून तोंड बंद करायचं.

राहिली होती डोलकाठी. फोटोत ती पुढे कललेली दिसत होती, नाळेकडे झुकलेली, आता पडते की मग असं वाटावं अशी. मी भिंगातून नीट पाहिलं आणि निदान केलं की होडी वाळूत नाकावर रुतलीय, नाहीतर फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तिरका धरलाय. माझी अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या तिरक्या रेघा सरळ करण्यात गेली. मी घरातला ओळंबा काढला, दोरीला लोंबणारं ते पितळी वजन, आणि डोलकाठी अगदी ओळंब्यात उभी केली. केसाचाही फरक नाही.

"न्हाय," बायको म्हणाली.

"झालं, झालं. भुसा नाही आज," मी म्हणालो.

"न्हाय. न्हाय."

मी तिला पाणी दिलं. तिने तोंड फिरवलं. मी दोन नळ्यांमधला तो पक्का गोंद मिसळला आणि काठी कायमची बसवून टाकली. त्या आठवड्यात तिने उच्छाद मांडला. मी टेबलाजवळ गेलो की न्हाय. डाव्या हाताने कॉटची दांडी वाजवायची. एकदा पेजेची वाटी उडवली. मी ओरडलो तिच्यावर. आजारी बायकोवर ओरडलो आणि त्याचंही मला काही वाटलं नाही. फरशी पुसली आणि दोऱ्या बांधायला बसलो.

रविवारी सकाळी मेहुणा आला, तिचा धाकटा भाऊ. अजून समुद्रावर जातो. पिशवीतून बोंबील आणले होते. बहिणीच्या कपाळावरून हात फिरवला, मग होडीपाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. फळ्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता वाहवा होणार.

"बाबांचीच हाय," तो म्हणाला. "पन भावजी, डोलकाठीला लकवा भरला का? अशी सरल कुटं ऱ्हाते?" आणि हसला.

मी त्याला फोटो दाखवून माझं निदान सांगितलं. तो आणखी हसला. त्यांच्याकडच्या शिडाच्या होड्यांची काठी पुढेच झुकलेली असते, म्हणजे शिडाचं मोठं आडवं लाकूड बाजू बदलताना काठीला न अडकता फिरतं. कोळ्याच्या घरातलं लहान पोरही हे जाणतं म्हणाला. मग सहज, चप्पल शोधता शोधता बोलला, "तायनं सांगितलं न्हाय तुमाला? ती तर बाबांबरोबर जायची होडीवर, लगीन होईस्तोवर."

तो गेला. मी दार लावलं आणि तिथेच उभा राहिलो.

फळ्या लावत होतो तेव्हा ती गप्प होती. एकाही फळीला ती न्हाय म्हणाली नव्हती. बरगड्यांना नाही, सुकाणूला नाही, रंगाला नाही. काठीला म्हणाली. आणि मी, आकड्याला आकडा ताडून बघण्यात जन्म घालवलेला माणूस, माझ्या हे लक्षात आलं नाही.

मी करवतीच्या पात्याने डोलकाठी बुडाशी कापली. स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला, होडीत दाबला आणि काठी त्यात उभी रोवली. टेबल ओढत कॉटपाशी नेलं, चिमटे खाली सांडले. काठी थोडी पुढे केली. "अशी?"

"न्हाय."

आणखी पुढे. "न्हाय." आणखी. तिने डावा हात पुढे केला, तो पोचला नाही, म्हणून मी टेबल आणखी जवळ घेतलं. तिच्या बोटांनी काठीचं टोक धरलं आणि नाळेकडे ओढलं, हळूहळू. मग सोडलं.

"अशी?" मी विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

हा शब्द तिच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. होता म्हणायचा तर इतके महिने कुठे होता? मग मला कळलं. 'हाय' म्हणावं असं मी काही विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी विचारत सुटलो. पेजेत गूळ घालू? न्हाय. मीठ? हाय. मालिका? न्हाय. बातम्या? न्हाय. खिडकी उघडू? हाय. डाव्या कुशीवर दुखतं? हाय. बाप रे, रोज दुपारी मी तिला डाव्या कुशीवरच वळवत होतो, दोन दोन तास, वेळ लावून. बेन खिचडी आणतात ती आवडते? न्हाय. यावर तिच्या तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली, ते हसू होतं बहुधा. मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं गप्पा मारत होतो आणि मला वाटलं, आता काय, झालंच. आता मला तिचं सगळं कळणार. लेकीला सांगायला काहीच अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसून झाल्यावर, निव्वळ लेकीला खात्रीने सांगता यावं म्हणून, मी तो प्रश्न विचारला. "पुण्याला त्या केंद्रात राहायला जायचंय का तुला?" उत्तर मला पाठ होतं. टॉवेल पिळत पिळतच विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

मला वाटलं प्रश्न लांबला, गोंधळली असेल. तोडून तोडून विचारला. "इथे राहायचं? माझ्यापाशी?"

"न्हाय."

"पुण्याला?"

"हाय." डोळे माझ्यावरच होते. गोंधळ बिंधळ काही नव्हता.

"का गं?" तोंडातून गेलंच. 'का'चं उत्तर तिच्या दोन शब्दांत बसत नाही. मीच एकेक कारण पुढे करायचं आणि तिने त्यावर हाय किंवा न्हाय म्हणायचं, एवढाच रस्ता होता. पहिलं कारण माझ्या जिभेवर आलंही होतं. ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

टॉवेल हातात धरून मी कॉटच्या कडेला बसलो आणि मला रडू आलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. तिने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मग लेकीला फोन लावला. म्हटलं, "आईला विचारलं मी."

"काय म्हणाली?"

मला सांगवेना. आणि पुन्हा तिच्या वतीने मीच कशाला बोलू? फोन स्पीकरवर टाकला आणि बायकोच्या उशीवर ठेवला.

"तूच विचार तिला," मी म्हणालो. "हळू विचार. ती सांगते."