दोन्ही बाजूंनी काळी केलेली ओळ

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. "काका, अण्णा गेले हो..." एवढंच त्यांची मुलगी बोलली. मी तिला धीर दिला, निघतोच म्हणालो. फोन ठेवून बाकावर बसलो, आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते आज लिहून टाकतो. ते लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, सुटलो. आता कुणी विचारणार नाही.

शोकसभेत मला 'अण्णांचा उजवा हात' म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

अण्णा गंगाखेडला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी मेंढरंवाल्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी एक मासिक काढलं. मेंढरं कोंडायच्या जागेचं नाव त्याला दिलं, 'वाडगं'. कोणत्या गावात कसला रोग आलाय, लोकरीला कुठं गिऱ्हाईक आहे, कुणाची मेंढी हरवलीय, सगळं त्यात असायचं. बाजारपेठेतल्या एका दुकानावरची खोली हे कार्यालय, आणि तिथं आम्ही दोघंच. लिहायचे अण्णा, अक्षरजुळणी, छपाई, टपाल माझ्याकडे.

एका अंकात अण्णांनी ऐकीव माहितीवर एक ओळ लिहिली. राणीसावरगावच्या एका माणसानं माहीत असून रोगट मेंढरं बाजारात विकली, असं त्याच्या नावानिशी. अंक छापून आला, गठ्ठे खोलीत पडले, आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळलं की त्या माणसाचा काही संबंध नव्हता. तोवर छापखान्यातून बातमी कानावर गेल्यानं त्याची बायको सखूबाई जिना चढून आली होती. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच बसली.

"आण्णा, हे भाईर गेलं तर आमाला संगं कोण घेईल? एकट्यानं मेंढरं घिऊन कुटं जावं?"

चराईला चार घरं मिळून निघतात. ज्याच्या मेंढरांवर विश्वास नाही त्याला कुणी सोबत घेत नाही, आणि एकट्याचा निभाव लागत नाही. अण्णांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. "आक्का, ही ओळ कुणाच्या नजरंला पडणार न्हाई. माझा शब्द हाय," ते म्हणाले. अंक पुन्हा छापणं झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी मार्कर घेऊन एकेका प्रतीतली ती ओळ काळी केली. अण्णा प्रत्येक पान खिडकीशी उजेडात धरायचे. पाठीमागून अक्षरं जाणवतात म्हणून मागची बाजूही काळी करायचे. मागं त्यांच्याच लेखातली एक ओळ होती, ती गेली. मी तसं म्हणालो तर हसले. "जाऊ दे रे. माझ्या लिहिण्याची एक ओळ कमी झाली तर लोकं दुवाच देतील."

पुढं काही वर्षांनी सगळे अंक मोबाइलवर आणायची टूम मीच काढली. अंक घरी पोचायचा तेव्हा घराला कुलूप असायचं, माणसं मेंढरांमागं. "म्हणजे आता मासिकबी चरायला निघालं म्हण की!" अण्णा खूश झाले. बाहेरगावची एक कंपनी सापडली. आपण छपाईच्या पीडीएफ पाठवायच्या, ते डिजिटल आवृत्ती करून देणार. नाव टाकलं की पान उघडणार. त्यांनी मेल करून कळवलं होतं, छापल्यानंतर कुठल्या पानात हातानं बदल केले असतील तर ती पानं स्कॅन करून वेगळी पाठवा. अण्णांनीही आठवण करून दिली, "दिगंबर, त्या काळ्या ओळीचं बघितलंस का रे?"

मी बघतो म्हणालो. तो अंक माळ्यावर, खालच्या गठ्ठ्यात होता. शिडी आणायची, गठ्ठे उतरवायचे... मला कंटाळा आला. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही. मी कंपनीला लिहिलं, बदल नाहीत. अण्णांना सांगितलं, झालंय.

मेंढरं बाहेर पडायच्या दिवसांत कुणीतरी मोबाइलवर सहज आपल्या लोकांची नावं टाकून बघत होतं. ती ओळ वर आली, जशीच्या तशी. फोटो काढून एकानं दुसऱ्याला पाठवला. सखूबाईच्या घराला सोडून बाकीची घरं निघून गेली.

ती पुन्हा आली, पुन्हा उंबऱ्याशीच बसली. भांडली नाही. "आण्णा, तुमी शब्द दिला व्हता," एवढंच बोलली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी म्हणालो, "कंपनीनं घोळ केला. मी सांगितलं होतं त्यांना."

"लाव त्यांना फोन."

मी फोन काढला, कानाला लावला आणि ओरडलो. तुम्हाला स्पष्ट लिहून दिलं होतं, वाचता येत नाही का, माणसाचं घर बसलं इथं... पलीकडे कुणीही नव्हतं. मी फोन लावलाच नव्हता. अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. "बस कर. कुणाची तरी पोरं असतील. नोकरी जायची बिचाऱ्यांची." मग सखूबाईकडं वळून हात जोडले. "शब्द माझा व्हता आक्का. चूक माझी हाय."

ओळ काढायला एक मेल पुरला. पण तोवर फोटो गावोगाव फिरला होता. सखूबाईच्या घरानं मेंढरं विकली. तिचा मालक पाथरीकडं मजुरीला जायला लागला. अण्णांनी 'वाडगं' बंद केलं. "माझ्या शब्दाचंच काय राह्यलं न्हाई, छापू काय?" त्यानंतर ते खोलीवर फारसे आले नाहीत. मी घरी भेटायला जायचो, चहा व्हायचा. त्या फोनबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी माळ्यावर चढलो. गठ्ठा उतरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काळी ओळ असलेला अंक घेऊन राणीसावरगावला गेलो. सखूबाई दारात कापूस निवडत होती. मी सगळं सांगितलं, मेलसकट, फोनसकट.

"लय वरडला व्हता तुमी त्या दिवशी," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्यासाठी कुणीतरी वरडायलंय."

तिनं हातातला कापूस सुपात टाकला.

"आण्णाला म्हाईत व्हतं?"

"मला ठाऊक नाही."

"ते व्हते तवा का न्हाई सांगितलं?"

मी पिशवीतून अंक काढून तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही, पण काळ्या पट्टीवरून तिनं ते पान बरोबर ओळखलं. तिनं ते उन्हात धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. अगदी अण्णा खिडकीशी धरायचे तसं.

"कायबी दिसत न्हाई," ती म्हणाली. "आण्णानं पक्कं केलं व्हतं."

अंक नीट घडी करून तिनं माझ्या हातात दिला. "ह्यो तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि पुन्हा कापूस निवडायला लागली.